ठोका आणि कान द्या

बूट काढा. घड्याळ, मोबाइल, गॉगल, सगळं इथंच ठेवा. धोतर नेसता येत नसेल तर पायजमा चालेल, पण डोक्याला काहीतरी गुंडाळा, नाहीतर लातूरचा चैत्र तुमची टाळू भाजून काढील. साल कोणतं ते विचारू नका. हा रुपया घ्या हातात. चांदीचा आहे आणि त्याच्यावर चारमिनार आहे. निजामाचा हाली शिक्का. राज्य कुणाचं हे त्यावरून कळलं, तेवढं पुरे. आज आपल्याला राजकारणात पडायचं नाही, वस्तू ठोकायच्या आहेत.

हो, ठोकायच्या. विमानाच्या पंखातली किंवा अणुभट्टीच्या नळीतली चीर ती वस्तू न फोडता शोधायची, ही तुमच्या काळात केवढी मोठी विद्या झालीय. क्ष-किरण, चुंबक, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी, आणि पडद्यावर नाचणाऱ्या रेघा वाचायला पदवीधर माणूस. इथं त्या कामाला बोटाचं पेर लागतं, हातोडी लागते आणि कान लागतो. बघू या कुठवर पुरतात.

गंजगोलाई. सोळा रस्ते येऊन मिळतात इथं, आणि सोळाही रस्त्यांनी आज बैलगाड्या घुसल्यात. पहिल्यांदा नाकात शिरतो तो मिरचीचा खाट. ठसका लागेल, लागू द्या, सगळ्यांनाच लागतोय. दहा पावलांवर गुळाच्या ढेपा फोडतायत, तिथं गोड उग्र वास आणि त्याच्यावर गांधीलमाश्या. मग करडईचं तेल, ओलं शेण, घामानं भिजलेली घोंगडी. कोपऱ्यावर कल्हईवाला भाता मारतोय. त्यानं तापल्या पातेल्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो आणि डोळ्यांतून पाणी येतं. हमाल "सरकाऽऽ" म्हणत पाठीवर तुरीचं पोतं घेऊन थेट तुमच्यावरच येतोय. सरका.

त्या लिंबाखाली कुंभारीण बसलीय, तिच्यापुढं उन्हाळ्याचे माठ. एक उचला. असा पोटाशी कवटाळू नका. बघा, तिनं बघितलंच.

"काय करलालाव मालक? असं आवळून धरल्यावर ते बोलंल का?"

तिचं बरोबर आहे. माठ वाजतो म्हणजे त्याची भिंत थरथरते. तुम्ही छातीशी धरला की ती थरथर तुमच्या अंगात जिरते. पाच बोटांच्या टोकांवर तोलून धरा, बोटं जितकी कमी टेकतील तितकं बरं, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर मारा. टण्ण! आवाज उठला आणि क्षणभर रेंगाळला. हा माठ धड आहे. आता हा शेजारचा घ्या. थप्. उठला तिथंच बसला. डोळ्याला काही दिसत नाही, वरून गेरूचा हात आहे, पण आत कुठंतरी चीर आहे. चिरेच्या दोन कडा एकमेकींवर घासतात आणि थरथर तिथंच संपते.

तुमच्या शेजारच्या नऊवारीतल्या आजी मात्र एवढ्यावर समाधानी नाहीत. त्या बद्द वाजणाऱ्या माठांचेही दोन ढीग करतायत. "ह्यो पिचलाय. ह्यो पिचला न्हाई, कच्चा भाजलाय." तुम्हाला दोन्ही आवाज सारखेच वाटले ना? मलाही वाटले. तुमच्या प्रयोगशाळांत नेमकी हीच पंचाईत असते. आवाज बिघडला हे यंत्र सांगतं, पण तो चिरेनं बिघडला की मालच मुळात वेगळा आहे, हे सांगायला मालाचा स्वभाव आधी माहीत असावा लागतो. आजींनी चाळीस उन्हाळे माठ विकत घेतलेत.

पैसे द्या. तो चारमिनारवाला रुपया कुंभारणीला मोडून देता येत नाही, म्हणून शेजारच्या किराणावाल्याकडं जा. तो रुपया फरशीच्या दगडावर टाकतो. खण्ण! लगेच गल्ल्यात. तुमच्या पुढच्या गिऱ्हाइकानं दिलेला कलदार आहे, इंग्रजी राजाच्या डोक्याचा. तोही टाकला. त्याचा नाद वेगळा, कारण तो जड आहे आणि त्यात चांदी जास्त आहे. शंभर कलदारांना एकशे सोळा-सतरा हाली पडतात, हा हिशेब इथल्या पोरांनाही तोंडपाठ. दुकानदार दोन्ही नाद ओळखतो. शिसं भरलेला खोटा रुपया आला तर त्याला वर बघावंही लागत नाही. समोरचा सराफ याच्यापेक्षा लबाड. तो सोनं काळ्या दगडावर ओढतो, रेघ बघतो आणि तुमची वस्तू जशीच्या तशी परत देतो असं म्हणतो. ती रेघ कुणाच्या सोन्याची?

ऊन उतरायला लागलंय. स्टेशन गाठू.

हे बार्शी लाइट रेल्वेचं स्टेशन. गाडी लहान आहे म्हणून हसू नका. रुळांतलं अंतर अडीच फूट, पण एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं सगळी आखणी एकाच सूत्रावर बेतलीय: कोणत्याही धुऱ्यावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. रूळ हलके, पूल हलके आणि तरीही माल भरपूर. ही गाडी बार्शीवरून कुर्डुवाडीला जाते आणि पुढं थेट पंढरपूरला. चैत्री एकादशी तोंडावर आलीय. आता कळलं ना फलाटावर मुंगीला जागा का नाही ते?

थर्ड क्लासच्या डब्यात तुम्ही कसेबसे शिरता. लाकडी बाकावर पाच जणांच्या जागेत नऊ. बुक्का, तंबाखू, शिळ्या भाकरीच्या फडक्याचा वास, इंजिनाच्या कोळशाचा धूर. कुणाची तरी वीणा तुमच्या बरगडीत. आणि टाळ! लोखंडी टपाखाली वीस जोड्या टाळ एकदम वाजले की दातांत कळ येते. कान बंद करू नका, खिडकीतून खाली बघा.

लांब दांड्याची हातोडी घेतलेला एक खलाशी गाडीच्या कडेनं चालतोय. प्रत्येक चाकाशी वाकतो, एक ठोका देतो, पुढं जातो. दुसऱ्या हाताची मागची बाजू ॲक्सलच्या डबीला लावून बघतो. तापली असेल तर तिच्यातलं तेलाचं सूत जळायला लागतं, त्याचा करपट वास तो वाकायच्या आधीच ओळखतो. पण चाकाचं काम कानाचं आहे, आणि आज कान चालेना. तो तुमच्या डब्यापाशी थांबतो, वर बघतो, हात जोडतो.

"माउली, एक घटका टाळ ठेवा खाली. मला चाक ऐकू येईना झालंय."

डबा गप्प होतो. तिकडून गार्डाला हाक: "ब्रेक सोडा!" कारण ब्रेकचा ठोकळा चाकाला टेकलेला असला की चांगलं चाकही बद्दच वाजतं. आता ऐका. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. आणि मग... ठक्. तो परत मारतो. ठक्. डब्यातला एक म्हातारा वारकरी खिडकीतून मान काढून म्हणतो, "चिरलंय बगा ते. टाळ पिचला की असाच बोलतो." खलाशी मान डोलावतो, पण लगेच कबूल करत नाही. चाकावर लोखंडी धाव असते, बैलगाडीला असते तशीच, तापवून चढवलेली. ती सैल झाली तरी आवाज असाच मरतो. तो धाव आणि चाक यांच्या सांध्यावर बोट फिरवतो, गंजाची लालसर धूळ आलीय का बघतो. आलीय. डबा कापायचा. "उतरा माउली, मागच्या डब्यात बसा." नऊ माणसं, जिथं आधीच बारा कोंबलेत तिथं निघतात, शिव्या न देता, कारण वारी आहे. तुमची मात्र जागा गेली.

त्याच्याबरोबर बिडी ओढत बसा थोडा वेळ आणि विचारा, केवढी चीर असली तर कानाला कळते? तो हसेल. त्याला एवढंच ठाऊक की आवाज गेला तर चाक काढायचं. चीर बोटभर की वीतभर, आणखी किती मैल चाललं असतं, हे त्याला कुणी विचारत नाही आणि तो सांगू शकत नाही. त्यातही एक जागा अशी की जिथं हातोडी फसते. चाक धुऱ्यावर दाबून बसवलेलं असतं. त्या बैठकीच्या आत, चाकाच्या पोटात झाकलेल्या धुऱ्यावर बारीक चीर पडते आणि प्रत्येक फेऱ्याला कणाकणानं वाढते. वरून दिसत नाही, आणि ठोका दिला तर चाक खणखणीत वाजतं. लोखंड एका दणक्यात मोडणार नाही एवढ्या भारानंही, तो लाखो वेळा आलटून पालटून दिला तर मोडतं, हे ऑगस्ट व्होलर या जर्मन इंजिनिअरनं एकोणिसाव्या शतकातच रेल्वेच्या धुऱ्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं. कधी मोडणार, हे त्याच्या आकड्यांतून अंदाजानं कळायचं. आतली चीर दिसायची नाही.

खलाशी एक युक्ती सांगतो, ती रेल्वेच्या कारखान्यांत सगळीकडं चालते. संशयित भाग तेलात बुडवून ठेवायचा, मग पुसून कोरडा ठणठणीत करायचा आणि वर चुन्याचा पांढरा हात मारायचा. चिरेत शिरलेलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. तुम्ही हे ऐकून चपापाल, कारण तुमच्या काळात लाल रंग फवारून वर पांढरी भुकटी मारतात ती याचीच सुधारलेली नात आहे. एकच अट: चिरेचं तोंड बाहेर उघडं पाहिजे. चाकाच्या पोटातल्या चिरेला हेही लागू नाही.

याच दिवसांत लेनिनग्राडमध्ये सर्गेई सोकोलोव्ह नावाचा संशोधक 1928 पासून म्हणतोय की कानापलीकडचा ध्वनी धातूतून पाठवला तर आतला दोष सापडेल. खलाशाला सांगू नका. त्याला हेही सांगू नका की याच लातूरला, हरंगुळला, पुढं रेल्वेचे डबे बनवायचा कारखाना निघेल आणि 2020 च्या डिसेंबरात तिथून पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडेल. अडीच फुटी गाडीवर पोट असलेला माणूस तुम्हाला वेड्यात काढील.

रात्र औशाच्या पुढं, किल्लारीच्या अंगाला एका खेड्यात काढू. बैलगाडीनं हाडं खिळखिळी होतील, पण जेवण चांगलं आहे. ज्वारीची गरम भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी, वर तांब्याभर ताक. घर माळवदाचं. बाहेर अजून जमीन वाफा सोडतेय आणि आत पाऊल टाकलं की अंगावरून गार हात फिरल्यासारखं वाटतं. भिंती दोन-अडीच फूट रुंद, काळ्या दगडाच्या. वर सागाच्या तुळया, त्यांच्यावर फळ्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी दर वर्षी त्यात भर पडते, गळू नये म्हणून. घरधनी भिंतीवर थाप मारून सांगतात, "आजोबांनी बांधलंय. तोफ लावली तरी हलायचं न्हाई."

तुम्हाला आता सवय लागलीय. मारा पेर. ढप्. इकडं मारा. ढप्. कोनाड्याजवळ, चौकटीजवळ, सगळीकडं ढप्. माठ बोलला, रुपया बोलला, चाक बोललं, ही भिंत मुकी आहे. दगड आणि चिखल यांच्या मिश्रणात आवाज चार बोटंही सरळ जात नाही, प्रत्येक दगडावर आपटून विखुरतो आणि चिखलात जिरतो. तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. ही एक भिंत दिसते, पण आहेत दोन. एक बाहेरच्या तोंडाची, एक आतल्या तोंडाची, मधे गोटे आणि माती. दोन्हींना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड राजमिस्त्रीनं घातलेला नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चारला काही मिनिटं कमी असताना, गणपती विसर्जनानंतर गाव झोपलेलं असताना, भूकंपानं अशा भिंतींची दोन्ही तोंडं एकमेकींपासून सुटतील आणि वरची सगळी माती खाली येईल. किल्लारी आणि आसपासच्या गावांत जवळजवळ दहा हजार माणसं जातील.

सांगावंसं वाटतंय? सांगून बघा. घरधनी म्हणतील, दाखवा. काय दाखवाल? तुमच्या हातात ठोका आहे आणि भिंत सगळीकडं सारखीच वाजतेय. ती उघडून दाखवायची तर फोडावी लागेल. भूकंपानंतर उरलेली दगडी घरं पक्की करायची वेळ आली तेव्हाही जो उपाय सुचवला गेला तो असाच होता: जागोजाग दगड काढून भिंतीला आरपार भोक पाडायचं, त्यात सळई घालून काँक्रीट भरायचं. पोलादाच्या पट्टीतली केसाएवढी चीर शोधणारे तुम्ही आम्ही, या मातीदगडाच्या भिंतीपुढं अजूनही बरेचसे त्या आजींच्याही मागं आहोत. मला विचाराल तर या विद्येचं पहिलं कर्ज विमानाचं नाही, या भिंतीचं आहे.

झोपा. अंगणात झोपा.

उठा, नांदेड आलं. कसं आलं ते विचारू नका, लातुराहून इकडं सरळ रेल्वे नाही, मी थोडी लबाडी केली. गोदावरीच्या घाटावर अंघोळी चालल्यात, गुरुद्वाऱ्यातून कीर्तन येतंय, आणि उस्मानशाही मिलचा भोंगा आज गप्प आहे. बॉयलर धुवायला काढलाय. असा मोका परत मिळायचा नाही. अंगरखा काढा.

बॉयलर म्हणजे आडवं पडलेलं लोखंडी पिंप, आत माणूस उभा राहील एवढं. शिरायचं भोक मात्र खांद्याएवढं. आधी हात घाला, मग डोकं, मग एक खांदा तिरका करून. पोट आत घ्या. आलात? विस्तव विझवून दोन दिवस झाले तरी पत्रा उबदार आहे आणि घाम नाकाच्या शेंड्यावरून थेंब थेंब पडतोय. कंदिलाचा धूर, गंज, आणि खाऱ्या पाण्यानं साठलेला पोपडा. तो खरवडताना उडालेली धूळ जिभेवर खडूसारखी लागते. बाहेर सिंगरेणीच्या कोळशाचा ढीग आहे, त्याची काजळीही तुमच्या मागोमाग आत आलीय.

मिस्त्री आधीच आत बसलेत. त्यांच्या हातात लहान हातोडी. एक ठोका देतात आणि तुमचं डोकं भणभणतं. सगळं पिंप एकदम वाजतं, कुणाचा आवाज कुठून येतोय काही कळत नाही. इथं कान निकामी. मिस्त्री तुमचं बोट धरून एका रिव्हेटच्या डोक्याच्या कडेला टेकवतात, अर्धं रिव्हेटवर, अर्धं पत्र्यावर.

"कानानं न्हाई, बोटानं बघा."

दुसऱ्या कडेला हलका ठोका. काहीच नाही. पुढचा. काहीच नाही. त्याच्या पुढच्याला बोटाखाली एक बारीकशी उडी लागते, जेमतेम. सैल आहे. मिस्त्री खडूनं फुली मारतात. शेकडो रिव्हेट आहेत आणि प्रत्येकाला बोट लावायचंय. अर्ध्या तासात तुमचं बोट बधिर होतं आणि मग सगळेच रिव्हेट सैल वाटायला लागतात, किंवा सगळेच घट्ट. मिस्त्री ओळखतात आणि तुम्हाला बाहेर काढतात. थकलेल्या माणसाची तपासणी किती धरायची, हा प्रश्न तुमच्या काळात आकडेमोडीनं सोडवतात. केवढी चीर किती वेळा सापडली आणि किती वेळा निसटली, याचे तक्ते करतात.

फुलीवाले रिव्हेट बदलून झाले. झाकण बसलं. आता पिंपात काठोकाठ पाणी भरतात आणि हातपंपानं दाब चढवतात, रोजच्या वाफेच्या दीडपट. वाफेनंच का नाही बघत? कारण पाणी दाबलं तरी फारसं आकसत नाही. पत्रा फाटला तर पाणी गळेल, चार शिव्या पडतील आणि काम थांबेल. तेवढ्याच दाबाची वाफ असती तर छपरासकट आपण सगळे गोदावरीत. काटा चढतोय. पंपावरचे दोघे उघडे, पाठी चकाकतायत. सगळे सांध्यांकडं डोळे लावून बसलेत, कुणी बोलत नाही. एका सांध्याला घाम फुटतो. मिस्त्री छिन्नी घेऊन पत्र्याची कड ठोकून बसवतात. घाम थांबतो. काटा जागेवर टिकतो.

मिलचे मुनीम छत्री मिटून आत येतात. त्यांना एकच विचारायचंय.

"मिस्त्री, किती वर्षं चालंल?"

मिस्त्री हात पुसतात. आज दीडपट दाब सोसला, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं. पण आज सोसताना आत एखादी चीर किंचित वाढली का, हे कुणी बघितलं? दाब देऊन बघणं म्हणजे वस्तूला थोडं मोडून बघणंच. तुम्हाला हे ठाऊक आहे, मिस्त्रींनाही आहे, मुनिमांना नको आहे.

"पुढच्या चैत्रात परत आत शिरतो, मग सांगतो."

"आन् तवर?"

"तवर पाणी कमी होऊ देऊ नका. आन् ह्ये पाव्हणे कोण हायत? पोपडा खरवडायला चांगले दिसायलेत."

मुनीम तुमच्याकडं वळून रोजंदारी विचारतात. हालीत घ्यायची की कलदारात, ते आधी ठरवून घ्या.